मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याने काढलेली 16 बिटची टिफ फाइल विंडोजमध्ये पूर्ण काळी दिसते. फाइल खराब झाली का?

नाही, फाइल बहुतेक ठणठणीत आहे. फक्त डिलीट करू नका. मी केल्या होत्या! एमएस्सीच्या प्रोजेक्टला लॅपटॉपवर सगळे फोटो काळेकुट्ट दिसले, एक्स्पोजर हुकलं असं समजून अकरा फाइली उडवल्या. पुन्हा काढायला गेलो तर स्लाइडवरचा फ्लुरोसंट रंग लाइट खाऊन फिका पडलेला. मग मॅडमनी शेजारच्या मुलाची तशीच काळी फाइल इमेजजे या वैज्ञानिक फोटो बघायच्या-मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवली. आत पेशी लख्ख दिसत होत्या.

भानगड अशी. असे बरेच कॅमेरे 12 बिटचे असतात, म्हणजे उजेडाच्या 4096 पायऱ्या मोजतात. पण फाइल 16 बिटची, तिच्यात 65,536 पायऱ्यांची जागा. पिंपात तांब्याभर पाणी. फोटो दाखवणारं साधं सॉफ्टवेअर सगळं 256 ने भागतं आणि स्क्रीनसाठी 0 ते 255 मध्ये बसवतं. तुमचा सगळ्यात उजळ पिक्सेल 4095 असला तरी स्क्रीनवर तो 15 होतो. फ्लुरोसन्समध्ये तर 800 च्या वर जाताना मारामार, म्हणजे 3. डोळ्याला तो काळाच.

इमेजजे किंवा फिजी (इमेजजेचंच जास्त सोयी भरलेलं रूप) उतरवून घ्या, दोन्ही फुकट आहेत. फाइल उघडून माउस फोटोवर फिरवा आणि छोट्या मुख्य खिडकीतला आकडा बघा. 210, 640, 385 असा हलत असेल तर डेटा जागेवर आहे. मग कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची खिडकी उघडेल, तिथे 'ऑटो' करा. चित्र वर येईल, मूळ आकडे तसेच राहतील. शेजारच्या 'अप्लाय'ला मात्र हात लावू नका, त्याने आकडेच बदलतात. सीटी स्कॅन बघताना डॉक्टर एकाच फाइलमध्ये कधी फुप्फुस, कधी हाडं उठून दिसतील अशी 'विंडो' बदलतात, तोच हा प्रकार.

आता खरी गोम. दोन स्लाइडची तुलना करायची असेल तर 'ऑटो' वापरू नका. तो प्रत्येक फोटो आपापल्या परीने ताणतो, मग औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी सारख्याच उजळ दिसतात, आणि व्हायवात तिथेच पकडतात. त्याच खिडकीतल्या 'सेट'मध्ये जाऊन सगळ्यांना एकच किमान-कमाल द्या, समजा 100 ते 900. तिथेच बाकीच्या उघड्या फोटोंनाही तेच लावायची सोय आहे.

थिसिससाठी यानंतर 8 बिटची वेगळी प्रत काढा, मोजमाप मूळ फाइलवरच करा. जेपेग करून मोजू नका, साध्या जेपेगमध्ये 8 बिटच मावतात. लॅबच्या पीसीवर फोटो एडिट करायचा जुना गिम्प 2.8 असेल तर तोही नको, उघडतानाच 8 बिट करून टाकतो, 2.10 पासून ते सुधारलं. आणि मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं झालं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.