आधी स्टॉपवॉच घे

प्रिय,

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. सहावीला बास्केटबॉल ठेवू की हँडबॉल, यावर अडीच पानं खर्च केलीस आणि शेवटी ‘काही सुचत नाही’ म्हणून हात टेकलेस. सुचणार नाहीच, कारण प्रश्नच चुकलाय.

एक काम कर. कुठल्याही शाळेच्या मैदानाकडेला बस आणि एकच मूल निवड. चुणचुणीत नको, चारचौघांसारखं. ते हललं की स्टॉपवॉच सुरू, थांबलं की बंद. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा नोकरीत सतरा वर्षं उलटली होती. ३५ मिनिटांचा तास. हजेरी, रांगा आणि सूचनांतच ११ मिनिटं गेली. मग ४० मुलांत दोन चेंडू. मी निवडलेली मुलगी ड्रिबल करत शंकूला वळसा घालून आली, रांगेच्या शेपटाला गेली आणि वेणीचं टोक चघळत उभी राहिली. त्या तासात तिची पाळी तीनदा आली. घड्याळात १ मिनिट १० सेकंद.

आणि तो पाठ मी लिहिलेल्या अभ्यासक्रमातला होता. शिक्षकांनी तो तंतोतंत घेतला होता, हे जास्त लागलं.

म्हणून विचारते, प्रत्येक मूल किती मिनिटं हललं? जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांसाठी लिहितोयस ना, मग प्रत्येक घटकाखाली हे विचार. बाद होण्याचे खेळ या प्रश्नापुढे टिकत नाहीत. ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, तेच पहिल्या मिनिटाला बाहेर बसतं. अकराच्या संघांऐवजी तीन-तीनचे संघ कर. चेंडू कमी असतील तर कापडाचे बनवून घे, पण मुलं तिष्ठत ठेवू नकोस. व्हीलचेअरवरच्या मुलाच्या हाती गुणफलक देऊन आपण त्याला सामावून घेतलं असं समजतो. त्याचीही मिनिटं मोज.

५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्याच्या दोन-तीन तासांत ती भरणार नाही, ठाऊक आहे. म्हणूनच खालच्या वर्गांत धावणं, उडी, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं पक्कं करून घे. झेलता न येणारं मूल सुट्टीत खेळायला जातच नाही. हे जमलं की सहावीला हँडबॉल असो नाहीतर बास्केटबॉल, मला फरक पडत नाही.

२० मीटरच्या शटल रनवर, म्हणजे दोन रेघांमध्ये वाढत्या वेगाने दमेपर्यंत ये-जा करण्याच्या चाचणीवर, गुण द्यायचे, हे कुणी सुचवलं? चाचणी ठेव, पण मुलाची तुलना त्याच्याच मागच्या नोंदीशी कर. सगळ्यांत आधी थांबणाऱ्याकडे अख्खा वर्ग बघत असतो रे.

‘चेंडूंचा हिशेब अभ्यासक्रमात कशाला?’ असं आमच्या समितीने विचारलं होतं. मी अडून बसले, त्यांनी ते हिशेबाचं पान काढलं, मी राजीनामा दिला. लोक अजून मला हट्टी म्हणतात. राहिले असते तर निदान परिशिष्टात तरी घुसवता आलं असतं, हे मलाही कळतं. पण पान बरोबर होतं.

पुढच्या मसुद्यासोबत दहा तासांच्या नोंदी जोड. नसल्या तर वाचणार नाही. म्हणजे वाचेन, पण उत्तर उशिरा देईन.

तुझी,
बाई