घरी अभंग आणि स्वतःच्या चाली रेकॉर्ड करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

ताई, तुम्ही प्रश्न नीट तपशिलात विचारलाय म्हणून उत्तरही तसंच देतो. तुम्ही पेटी वाजवता, गाता, अभंगांना चाली लावता. घरी 8 जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. भाऊ म्हणतो एफएल स्टुडिओ घे, क्लासचे सर म्हणतात क्यूबेस. माझं मत आधीच सांगून टाकतो: या दोन्हींऐवजी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपासून सुरुवात करा. पण ते का, हे समजून घ्या, म्हणजे उद्या तुमचं काम बदललं तर निर्णयही तुम्हालाच बदलता येईल.

गाणं करायला बसलात की तुमचा हात सर्वांत आधी कुठे जातो? तुमचा पेटीवर जातो. मुखडा गुणगुणता, सूर धरता, ठेका मागून येतो. तुमचा भाऊ बहुतेक ठेक्यापासून सुरुवात करत असेल: आधी ढोलकीचा किंवा ड्रमचा तुकडा, तो फिरत ठेवायचा, त्यावर बाकीचं चढवायचं. एफएल स्टुडिओ जन्मला तेच मुळी असं काम करणाऱ्यांसाठी. त्याचं पहिलं नाव फ्रुटीलूप्स होतं आणि 16 खान्यांची ठोक्यांची पट्टी हा त्याचा जीव. गावोगावचे गणपतीतल्या डीजेची गाणी करणारे पोरगे त्यावर ज्या वेगाने हात चालवतात, ते बघत राहावं असं असतं. आता त्यात आवाजही चांगला रेकॉर्ड होतो, फक्त आवृत्ती बघून घ्या. सर्वांत स्वस्त आवृत्ती गायकांसाठी नाही, प्रोड्युसर नावाच्या आवृत्तीपासून पुढे रेकॉर्डिंगची पूर्ण सोय मिळते. शिवाय त्याच्या ट्रायलमध्ये काम सेव्ह होतं, पण विकत घेतल्याशिवाय ते पुन्हा उघडत नाही. चार दिवस थोडं थोडं करून बघू असं म्हणणाऱ्याला हे अडचणीचं.

मी स्वतः सुरुवातीला मित्राच्या शब्दावर एक सॉफ्टवेअर घेतलं. वाईट नव्हतं, माझ्या कामाचं नव्हतं. आमच्या भागातलं एक भजनी मंडळ घरी आलं होतं, आठ माणसं, पखवाज, टाळ, जुनी पेटी. मला वाटलं सगळं क्लिकवरच, म्हणजे मशीनच्या एकसारख्या टिक-टिकवर, रेकॉर्ड व्हायला हवं. पखवाजवाल्या काकांच्या कानात हेडफोन घातला, टिक-टिक चालू केली. ठेका चुकला नाही, पण मेला. अभंगाची लय शेवटाकडे आपोआप चढते, गजराला तर ती दुप्पट होते, आणि ती चढ काकांच्या हातात होती, मशीनमध्ये नव्हती. शेवटी क्लिक बंद केलं आणि त्यांना म्हटलं, देवळात बसल्यासारखं वाजवा. तोच टेक, म्हणजे त्या वेळचं रेकॉर्डिंग, ठेवला.

तुमच्या कामात हे पदोपदी येणार आहे, म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी सर्वांत आधी हे विचारतो: गाणं ग्रिडच्या, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांच्या, मागे जायचं, की ग्रिड गाण्याच्या मागे आणता येते? रीपरमध्ये आधी मोकळेपणी गाऊन घेता येतं आणि नंतर समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, पुढच्या समेपर्यंतचा भाग निवडून त्याचंच एक माप करता येतं. असं आवर्तन-आवर्तन करत गेलात की रेघा तुमच्या लयीवर येऊन बसतात. मग मागाहून स्वरमंडल किंवा कीबोर्ड भरायचा झाला तरी तो लयीत पडतो. क्यूबेसमध्येही याची उत्तम साधनं आहेत, त्या बाबतीत तुमचे सर अजिबात चुकत नाहीत.

ताल मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या उघडल्या बदला. सगळी चार मात्रांचं माप धरून बसलेली असतात. भजनी ठेक्याला ते चालून जातं, 8 मात्रांची दोन मापं होतात. रूपकातली चाल असेल तर माप 7/4 करा, झपतालाला 10/4, म्हणजे प्रत्येक मापाच्या पहिल्या रेघेवर सम येते. तबल्याचा एखादा बोल शोधायचा असला की नजर सरळ तिथे जाते.

आता रीपरबद्दल. वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा आहे, आणि 60 दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं, काहीही बंद केलेलं नसतं. आकाराने लहान, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर हलकं चालेल. ज्याने विनअॅम्प हा गाणी ऐकायचा प्लेअर केला त्याच जस्टिन फ्रँकेलने हेही केलंय. उणीवही सांगतो: त्यात वाद्यांचे आवाज जवळजवळ नाहीतच. तबला, तानपुरा, बासरी, सगळं बाहेरून आणावं लागेल. दिसायलाही रुक्ष आहे, पहिला आठवडा मेनू शोधण्यात जातो. पण तुम्ही गायिका आहात, वाद्य तुमच्या हातात आहे. तुम्हाला आवाजांच्या भांडारापेक्षा टेक नीट सांभाळणारं सॉफ्टवेअर हवं: एकच अंतरा पाच वेळा गायचा, पाचही एकाखाली एक ठेवायचे आणि प्रत्येकातली चांगली ओळ उचलायची. कापताना श्वासाच्या जागी कापा, मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याच्या, मधोमध कधीही नको.

मींडेवरून आठवलं. सूर आपोआप सुधारणारी साधनं सगळीकडे मिळतात. वेगवान सेटिंगवर ती मींडेच्या पायऱ्या करून टाकतात आणि आंदोलन, म्हणजे सुराचा हलका झोका, सपाट करतात. ज्या ओळीचा सूर खाली राहिला ती पुन्हा गा.

लॉजिक प्रो फार छान आहे, पण ते मॅक आणि आयपॅडवरच चालतं, विंडोजवर नाही, त्यामुळे तुमच्यासाठी प्रश्नच मिटला. प्रो टूल्स मोठ्या स्टुडिओंत आणि सिनेमाच्या कामात चालतं. तिथे नोकरी करायची असेल तर शिका. एबलटन लाइव्ह तुकडे मागेपुढे फिरवत गाणं रचणाऱ्यांसाठी सुरेख आहे. मात्र वेगवेगळ्या टेकमधून ओळी निवडायची सोय त्यात 2021मध्ये, अकराव्या आवृत्तीत आली.

सर स्वतः शेजारी बसून शिकवणार असतील तर क्यूबेसचा विचार जरूर करा. अडलं की विचारायला माणूस असणं ही मोठी गोष्ट आहे. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटीवजा डबी, अजून घेतला नसेल, तर त्याच्यासोबत क्यूबेसची किंवा लाइव्हची छोटी आवृत्ती फुकट येते का, तेही बघा. अनेकांसोबत येते.

आणि इंटरफेस घ्याच. तुमच्या गाण्यावर सॉफ्टवेअरपेक्षा त्याचा फरक जास्त पडेल. लॅपटॉपच्या साध्या साउंडकार्डवर स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो आणि गाताना लय ढळते. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर 1024 नमुन्यांच्या बफरला, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो त्या आवाजाच्या तुकड्याला, सुमारे 23 मिलिसेकंद लागतात, 256ला सुमारे 6. येण्याजाण्याचा मिळून वेळ त्याहून जास्तच होतो. म्हणून गाताना बफर लहान ठेवा, मिक्स करताना मोठा करा. रॅम अपुरी पडली तर जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तो तात्पुरता तयार ऑडिओ करून ठेवा.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. त्या मंडळाच्या गाण्यावर मी कीबोर्डचे स्ट्रिंग्ज चढवले आणि सगळं आंबट लागायला लागलं. पेटी जुनी, तिचा ए (A) हा सूर 440 हर्ट्झऐवजी 444च्या आसपास होता. म्हणजे साधारण 16 सेंटचा फरक (अर्धस्वराचे 100 सेंट धरतात), अर्धस्वराच्या सहाव्या हिश्शाएवढा. पट्टी काळी दोनच, पण कीबोर्डची काळी दोन वेगळी. तुमची पेटी ट्यूनरवर तपासा आणि कीबोर्डचा सूर तिच्याकडे आणा, पेटीला हात लावू नका.

पुढे सॉफ्टवेअर बदललंत तर वाया काय जाईल, ही भीती नको. व्हीएसटी प्रकारातले प्लगइन, म्हणजे वाद्यांचे आवाज किंवा इफेक्ट देणारी जोड-सॉफ्टवेअर, क्यूबेस, एफएल, लाइव्ह, रीपर सगळ्यांत चालतात. गाणं न्यायचं झालं तर प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून 24 बिट वेव्ह फाइल म्हणून काढा. त्या कुठेही एका रेषेत लागतात.

आता हे करा. रीपर उतरवा, एकच अभंग घ्या, मुखडा आणि एक अंतरा. तीन टेक गा, त्यातून एक जुळवा, मधली एक ओळ पुन्हा भरा, खाली ठेका घाला. शेजारी कागद ठेवा आणि जिथे जिथे हात अडेल तिथे एक ओळ लिहा. हाच अभंग सरांकडे क्यूबेसवरही एकदा करून बघा. दोन्ही कागदांवरच्या ओळी इथे टाका, सोबत पेटीची पट्टी आणि ठेकाही लिहा. मी बघून सांगतो.