उपाशी प्राणी जगतो कशावर?

डॉक्टर, खाणं बंद झालं की शरीर आधी चरबी जाळतं की स्नायू?

सर्वांत आधी यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर. पण हा साठा फारच तुटपुंजा. माणसात तो दिवसभरात संपत येतो, चिमुकल्या प्राण्यांत काही तासांतच. मग चरबीची पाळी. एका ग्रॅम चरबीतून ९ किलोकॅलरी मिळतात, प्रथिनांतून जेमतेम ४. यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन तयार करतं, मेंदूचं बरंचसं त्यावर भागतं आणि साखर बनवण्यासाठी स्नायू मोडण्याची वेळ लांबते. लांबते, टळत नाही. चरबी तळाला गेली की प्रथिनं भराभर खर्ची पडू लागतात.

एम्परर पेंग्विनचा नर बघा. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात जोडी जमवण्यापासून अंडं उबवून होईपर्यंत जवळपास चार महिने तो अन्नाचा कणही खात नाही. वजन सुमारे ४० टक्क्यांनी घटतं. एवढं सोसूनही, चरबी संपत आली आणि मादी परतलीच नाही, तर तो अंडं टाकून समुद्राची वाट धरतो. निर्दय वाटेल, पण तेव्हा त्याच्या अंगात बर्फावरून समुद्र गाठण्यापुरतं त्राण उरलेलं असतं. आणखी थांबला तर तेही राहणार नाही.

साप महिनोन्‌महिने उपाशी राहतो तो नुसता पडून असतो म्हणून का?

तेवढंच नाही. अंग ऊबदार ठेवण्याचा खर्च त्याला मुळातच नसतो. त्यातून उपासात तो नुसतं पडून असताना लागणारा ऊर्जेचा खर्चही उतरवतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे साडेपाच महिने उपाशी ठेवलेल्या सापांपैकी काहींनी हा खर्च जास्तीत जास्त ७२ टक्क्यांनी घटवला होता. गंमत म्हणजे त्या काळात काहींची लांबी चक्क वाढली! बर्मी अजगर तर दोन जेवणांच्या मधे आतडंही आकसून घेतो. भक्ष्य गिळल्यावर ते एक-दोन दिवसांत पुन्हा फुगतं, हृदयसुद्धा मोठं होतं.

आमची मांजर चांगली गुबगुबीत आहे. तीन दिवस जेवली नाही तरी अंगावरच्या चरबीवर निभावेल ना?

नाही. आजच्या आज पशुवैद्याकडे न्या. लठ्ठ मांजरीला उपास जास्त घातक ठरतो. चरबीचा लोंढा यकृतात येतो, यकृताला तो उपसता येत नाही आणि पेशी चरबीने तुंबतात. हिरड्या, कानाची आतली बाजू किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला तर कावीळ सुरू झालीच म्हणून समजा. मांजरीला बारीक करण्यासाठी उपाशी ठेवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो कानाआड करा.

रस्त्यावर हाडांचा सापळा झालेलं कुत्रं सापडलं. पोटभर खायला घालू?

मन होतं खरं, पण घालू नका. एकदम भरपूर पिष्टमय अन्न गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. त्याने हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. पाणी द्या, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सांगण्यानुसार थोडं थोडं, दिवसातून अनेकदा भरवत काही दिवसांत प्रमाण वाढवा.