जन्माचे ‘टिपण’, मग मृत्यूचे का नाही?

आपला प्रश्न असा आहे: पणजोबांनी शके १८००च्या सुमारास सुरू केलेल्या घरच्या वहीत मुलांच्या जन्माच्या नोंदींवर ‘टिपण’ असे लिहिलेले आहे, मात्र लग्नांच्या आणि मृत्यूंच्या नोंदींवर तसे काहीच नाही. टिपण म्हणजे नोंद, तर मग हा भेद कशासाठी?

आज आपण टिपण हा शब्द कोणत्याही लहान नोंदीसाठी वापरतो. त्या वहीत मात्र त्याचा अर्थ नेमका आहे. टिपण म्हणजे जोशीबुवांना पत्रिका मांडता यावी एवढ्या तपशिलासह लिहून ठेवलेली जन्मवेळ. स्थळ पाहताना पुष्कळदा हेच पाठवीत, म्हणून ‘टिपण जुळले’ हा प्रयोग रूढ झाला. या अर्थाचे टिपण फक्त जन्माचेच असू शकते.

त्यात शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र यांच्यानंतर बहुधा ‘सूर्योदयात् गतघटी १५ पळे ३०’ असा मजकूर येतो. घटका २४ मिनिटांची आणि पळे साठ मिळून एक घटका. म्हणजे हे मूल सूर्योदयानंतर सहा तास बारा मिनिटांनी जन्मले. पुढे दिलेले नाव पाहून मात्र थांबावे, कारण ते नक्षत्राच्या चरणावरून आलेले जन्मनाव असते आणि घरात त्या मुलाला कोणी त्या नावाने हाक मारलेली नसते. मुलगी असेल तर सासरचे नाव तिसरे. वंशावळ लावताना एकीच्या दोघी-तिघी होतात त्या इथेच, आणि ही चूक मला फार लागते, कारण स्त्रियांच्या नोंदी आधीच थोड्या असतात.

मृत्यूच्या नोंदीत घटका-पळे नसतात. ‘भाद्रपद वद्य ५ रोजी देवाज्ञा झाली’ एवढेच असते, आणि कित्येकदा शकही दिलेला नसतो. याला कृपया निष्काळजीपणा समजू नये. जन्माची नोंद पत्रिकेसाठी होती, तशी ही श्राद्धासाठी होती. श्राद्धाला मास, पक्ष आणि तिथी लागते, वर्ष लागत नाही. त्याच कारणाने मृत स्त्रीच्या नावामागचे ‘सौ.’ काळजीपूर्वक वाचावे. पती हयात असताना ती गेली, हे त्यातून कळते, आणि तिचे श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला होत असल्यामुळे घरच्यांना ते लिहून ठेवणे आवश्यक होते.

वर्ष नसेल, तर मृत्यूचे कारण दिले आहे का ते पाहावे. ‘गाठीचा ताप’ म्हणजे प्लेग. तो मुंबईत १८९६मध्ये आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला, तेव्हा अशी नोंद बहुधा त्यानंतरचीच. ‘मानमोडी’ म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा.

शक दिलेला असेल, पण आकडा पुसट असेल, तर संवत्सराच्या नावावरून पडताळा घेता येतो: शकात १२ मिळवून ६०ने भागावे, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रात पहिल्या, म्हणजे प्रभव संवत्सरापासून मोजलेला क्रमांक. शके १८१९ला बाकी ३१ उरते आणि एकतिसावा संवत्सर हेमलंबी. इसवी सन काढताना शकात ७८ मिळवावेत. मात्र तिथी जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९. शके १८१९चा माघ म्हणूनच १८९८मध्ये पडतो, १८९७मध्ये नव्हे.

पूर्वज इंदूर-ग्वाल्हेरकडे राहिले असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी. आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडचा पौर्णिमेला, म्हणून आपला भाद्रपद वद्य पक्ष तिकडच्या पंचांगात आश्विन कृष्ण पक्ष ठरतो. नोंद कोणत्या पंचांगावरून केली आहे हे आधी ठरवले नाही, तर काढलेली तारीख एका महिन्याने चुकते.