"ताई, अर्ज केला तर पोरं न्हेतील का हो?"

दाराकडे बघत, अगदी हळू आवाजात सुवर्णानं विचारलं (नाव आणि काही तपशील बदलले आहेत). मी काम करते त्या समुपदेशन केंद्रात ती तिसऱ्यांदा आली होती. मुलं वाढवायला सरकारकडून दरमहा पैसे देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा कोरा अर्ज पहिल्या भेटीपासून तिच्या पिशवीत तसाच होता, घड्यांवर मळ बसलेला.

ती इचलकरंजीची. नवरा यंत्रमागावर कामाला होता, दीड वर्षापूर्वी आजारपणात गेला. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तीनची. सुवर्णा शिलाईच्या कारखान्यात नऊ ते सहा. धाकटीला शेजारच्या आजी महिना पंधराशेत सांभाळायच्या. त्या लेकाकडे पुण्याला गेल्या आणि सगळी घडी विस्कटली. दुसरीकडे विचारलं तर तीन हजार. खाडे वाढले, तसं सुपरवायझरनं बजावलं की आता मशीन दुसरीला देईन.

मदत हवी हे तिलाही कळत होतं. पण या योजनेचा आदेश बालकल्याण समिती, म्हणजे गरजू मुलांबाबत निर्णय घेणारी समिती देते आणि तिच्या गल्लीत समिती म्हणजे पोरं उचलून बालगृहात ठेवणारी माणसं. त्यात सासूबाईंनी दटावलेलं, "माझी नातवंडं अनाथ न्हाईत. त्यांची नावं तसल्या कागदावर घालू नगंस."

ही भीती मी इतक्या बायकांकडून ऐकली आहे, की तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून योजना समजावायची घाई मी करत नाही. आधी विचारते, "हे तू कुठं पाहिलंस?" सुवर्णानं मावसभावाची गोष्ट सांगितली. बाप गेल्यावर त्याला लांबच्या वसतिगृहात ठेवलं, पुढं तो घरात कधी रुळलाच नाही. सांगता सांगता ती रडायला लागली. "मी कमवतो की, ताई. मग पोरं सांभाळता येत न्हाईत असं कसं लिहून देऊ?"

गाठ इथं होती. अर्ज म्हणजे आपण आई म्हणून कमी पडलो याची कबुली, असं तिनं धरलं होतं.

मग मी सांगितलं, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहेच मुळी मूल घरात वाढावं म्हणून. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं २०१५ चा बाल न्याय कायदाच म्हणतो. मूल अनाथच असावं लागतं असंही नाही. आई किंवा वडील वारलेले, घटस्फोट झालेला, एकानं घर सोडलेलं, पालक दुर्धर आजारात, अशा घरांतली १८ वर्षांपर्यंतची मुलं यात बसतात. दर मुलामागे महिना २,२५० रुपये. २०२३ मध्ये वाढ झाली त्याआधी १,१०० होते. तिच्या दोघांचे मिळून ४,५००. अर्जाला पैसे पडत नाहीत, कुणी काम करून देतो म्हणून मागितले तर देऊ नकोस.

हेही सांगितलं, की पैसे दर महिन्याला येतीलच असं नाही. कधी कित्येक महिने काहीच नाही, मग एकदम. हे आधी सांगितलं नाही तर बाई तिसऱ्या महिन्यात खचते.

त्यामुळे तोवरची सोय वेगळी बघावी लागली. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं मालकानं पाळणाघराची सोय करायची, असं २०१७ पासून कायद्यात आहे. तिच्या कारखान्यात मिळून बावीस जणी. 'पाळणा' योजनेतली, दिवसभर मूल सांभाळणारी अंगणवाडी तिच्या भागात नव्हती. साधी होती, ती दुपारी सुटायची. शेवटी सासूबाईंनाच केंद्रात बोलावलं आणि अर्जातली ओळ वाचून दाखवली: एक पालक असलेलं मूल. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, गुडघे दुखतात, दिवसभर पोरीमागं धावणं होणार नाही, पण अंगणवाडीतून आणून निजवीन. चार ते सहा वाजेपर्यंत गल्लीतली एक ओळखीची मुलगी, सातशे रुपयांत.

मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, पासबुक जमवण्यात दीड महिना गेला. अर्जाच्या चौकशीसाठी घरी भेट होणार होती, तिच्या आदल्या रात्री सुवर्णा जागून भांडी घासत बसली होती. आलेल्या ताईंनी भांड्यांकडे पाहिलंही नाही. शाळा, जेवण, आजारपणं विचारली.

समितीसमोर जायला कोल्हापूरला जावं लागलं, त्या दिवसाची मजुरी बुडाली. जिन्यावर मुलानं आईचा पदर घट्ट धरला होता. आत समितीतल्या मॅडमनी त्याला इयत्ता विचारली, मग कुणाजवळ राहायला आवडतं ते. "आईजवळ," तो म्हणाला आणि थोड्या वेळानं, "आज्जीजवळ पण." दहा मिनिटांत बाहेर आले. सुवर्णा बराच वेळ दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवत उभी होती.

पहिले पैसे सात महिन्यांनी जमा झाले. त्यातून तिनं उसने घेतलेले फेडले. आता धाकटी चार ते सहा कुणाकडे, हा प्रश्न महिनाअखेरीला येत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून शाळा सुरू झाली की लगेच बोनाफाईड मागून ठेव, असं तिला सांगून ठेवलं आहे.