५० लिटरच्या बॅचसाठी फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) कोणता घ्यावा?

सध्या २० लिटर बिअर बादलीत आंबवताय, आता ५० लिटरवर जायचंय, आणि काचेचा कारबॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली), प्लॅस्टिकचं पिंप आणि स्टीलचा कोनिकल (निमुळत्या बुडाची टाकी) यांत गाडी अडलीय, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं.

काच आधी बाद करा. ५० लिटर वर्टचं (म्हणजे आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड द्रवाचं) वजनच पन्नास किलोच्या वर जातं, त्यात भांड्याचं वेगळं. ओल्या हातातून निसटलेली भरलेली काच नुसती फुटत नाही, नस कापते.

उरलं प्लॅस्टिक आणि स्टील. त्यातलं एक निवडण्याआधी मला सांगा, थंड कसं ठेवणार? यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं. भांडं तिन्ही बाजूंनी दुप्पट केलं तर आतला द्रव आठपट होतो, पण ज्यातून उष्णता बाहेर पडते तो पृष्ठभाग चौपटच वाढतो. साधारण १२ प्लेटोच्या (म्हणजे वजनाने सुमारे १२ टक्के साखर वगैरे विरघळलेल्या) वर्टमधली ही उष्णता अजिबात बाहेर पडू दिली नाही, तर तापमान दहा-बारा अंशांनी चढेल. प्रत्यक्षात इतकं होत नाही, पण बादलीत निमूट राहणारं यीस्ट मोठ्या भांड्यात खोलीपेक्षा चार-पाच अंश वर सहज जातं, आणि मग बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो. म्हणून फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर आधी फ्रिज आतून मोजा. मागचा कॉम्प्रेसरचा उंचवटा आणि झाकणावरच्या एअरलॉकची (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या झडपेची) उंची हमखास विसरली जाते. फ्रिज नसेल तर आत थंड पाण्याची कॉइल बसेल असं भांडं हवं. थर्मामीटर बाहेर चिकटवण्यापेक्षा द्रवात उतरणाऱ्या नळीत असलेला बरा.

थंड करायची काहीच सोय नसेल तर माझं स्पष्ट मत: मोठं भांडं घेऊच नका. ३० लिटरच्या दोन बादल्या घ्या, प्रत्येकीत २५ लिटर. धुणं दुप्पट होईल, पण एकीत जंतू शिरले तरी दुसरी वाचते, आणि एकाच वर्टवर दोन वेगळी यीस्ट वापरून बघता येतात. ही मजा मोठ्या टाकीत नाही.

प्लॅस्टिकला लोक उगाच नावं ठेवतात. त्यातून ऑक्सिजन आत झिरपतो हे खरं, पण पृष्ठभागाचं तेच गणित इथे तुमच्या बाजूने आहे: भांडं मोठं तसा लिटरमागे झिरपणारा ऑक्सिजन कमी. दोन-तीन आठवड्यांत तयार होणाऱ्या एल (ale) प्रकारच्या बिअरला काही होत नाही. महिनोन्‌महिने मुरवायची बिअर मात्र त्यात ठेवू नका. पिंप फूड-ग्रेडचंच हवं, आधी रसायन भरलेलं कितीही धुतलं तरी नको. आणि तारेची घासणी लांब ठेवा, कारण ओरखड्यात बसलेले जंतू सॅनिटायझरलाही सापडत नाहीत.

थंड करायची सोय आहे आणि खर्च परवडतो, तर ३०४ ग्रेडचं स्टील. कोनिकल असलाच पाहिजे असं नाही. खालून गाळ काढता येतो, यीस्ट पुढच्या बॅचसाठी राखता येतं, हे छान आहे. पण सपाट बुडाच्या टाकीतही तितकीच चांगली बिअर होते. मी त्याऐवजी दोन गोष्टी बघेन. एक, झाकणातून अख्खा हात आत जाऊन तळ पुसता येतो का. दुसरी, तोटी पूर्ण सुटी होते का. तोटीचा बॉल व्हॉल्व्ह (भोक असलेली गोळी फिरवून उघडणारी झडप) बंद असताना आतल्या गोळीच्या पोकळीत आणि तिच्याभोवती बिअर अडकते. तो खोलून बघितलात की पिवळट, चिकट थर दिसेल. वरून कितीही पाणी सोडा, तो जात नाही. दर बॅचनंतर खोलावाच लागतो. ब्लीच स्टीलला लावू नका, क्लोरीनने बारीक खड्डे पडतात. आणि दाब सोसण्यासाठी बनवलेली नसेल त्या टाकीत दाब धरू नका. कोल्ड क्रॅश करताना (गाळ खाली बसावा म्हणून बिअर एकदम थंड करताना) उलटं होतं: आतला दाब कमी होऊन एअरलॉकमधलं पाणी नाहीतर हवा आत ओढली जाते. तेव्हा कार्बन डायऑक्साइडची सोय जोडून ठेवा.

५० लिटरसाठी भांडं किमान ६०-६५ लिटरचं घ्या, गव्हाची बिअर करणार असाल तर आणखी मोठं, कारण फेस भरपूर चढतो. पहिले काही दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक पाण्यात बुडवा. बारीक एअरलॉक हॉप्सच्या (कडवटपणासाठी घातलेल्या फुलांच्या) कचऱ्याने तुंबला की झाकण उडतं. लिटरमागे सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका बॅचमधून हजारेक लिटर. कोंदट खोलीत खिडकी उघडी ठेवा. यीस्टही अडीचपट लागेल, एका पाकिटावर भागणार नाही.

भांडं जिथे आंबायला ठेवणार तिथेच भरा, आणि तोटी केगच्या (तयार बिअर भरायच्या धातूच्या पिंपाच्या) तोंडापेक्षा उंच राहील अशा भक्कम स्टँडवर. एकदा भरल्यावर ते दोघांनाही सहज उचलवणार नाही.