समुद्राला लागून प्लॉट घेतोय, भिंत किती फुटांची लागेल? एका नदीकाठच्याचं उत्तर

प्रश्न असा होता: "मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात समुद्राला लागून 5 गुंठे बघितलेत. पाण्याची पातळी वाढतेय म्हणतात. चांगली भिंत घातली तर पुढची 30-40 वर्षं काळजी नाही ना? भिंत किती फुटांची लागेल?"

मी कोल्हापूरचा, आमच्यापासनं समुद्र म्हणजे घाट उतरून दीडेकशे किलोमीटर, त्यामुळं मी उत्तर द्यायचं तसं काही कारण नाही. पण "चांगली भिंत घातली तर" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच चार शब्द मी 2006 साली बायकोला ऐकवलेत.

2005 च्या पुरात आमच्या कॉलनीत गुडघाभर पाणी आलं होतं. घर जयंती नाल्याच्या अंगाला, नदी तशी लांब, पण पंचगंगा भरली की नाल्याचं पाणी पुढं जातच नाही, फुगवटा मागं सरकत सरकत आमच्या दारात येतो. बायको म्हणाली विकूया, वर पाचगावकडं कुठंतरी बघूया, त्या वेळी तिकडचे दर पण आवाक्यात होते. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, लोकांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून फिरणारा, मला तो सरळ अपमान वाटला. पाण्याला घाबरून घर विकायचं? मग घातली भिंत. पाच फूट उंच, आरसीसी कॉलम, खाली-वर पट्टा, मधे वीटकाम, दोन्ही बाजूनं वॉटरप्रूफ प्लास्टर, आणि गेटला खाचा ठेवून त्यात सरकवायच्या फळ्या. त्या वेळचे लाखाच्या वर गेले. गल्लीतली लोकं बघायला यायची आणि मी गेटाजवळ उभा राहून फळ्या कशा बसतात ते दाखवायचो, दोघांनी तर माझ्याकडनं तशीच करून घेतली.

भिंतीचा पहिला झटका मला नाही, शेजारच्या काकूंना बसला. गल्लीतलं पावसाचं पाणी आधी आमच्या अंगणातनं तिरकं मागच्या गटारीला जायचं, ते आता भिंतीला थटून त्यांच्या तुळशीपाशी तळं करायला लागलं. त्या दोनदा सांगून गेल्या, मी म्हटलं तुम्ही पण घाला की भिंत. तेव्हापासनं बोलत नाहीत.

2019 ला नागपंचमीच्या दिवशी पाणी चढायला लागलं. फळ्या बसवल्या, फटीत चिंध्या आणि प्लास्टिक कोंबलं. रात्री गल्लीत मांडीभर पाणी आणि आमचं अंगण कोरडं. मी फोटो काढून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला, तो फोटो आजपण लग्नकार्यात कोणी ना कोणी काढून दाखवतंय. पहाटे तीनला बाथरूममधनं बुडबुड आवाज यायला लागला. टॉर्च मारून बघतो तर मोरीच्या जाळीतनं काळं पाणी उसळायलंय आणि बादली तरंगायलीय, मग संडासाचं भांडं, मग अंगणातला चेंबर, झाकणासकट. ड्रेनेज नाल्याला जोडलेलं आणि नाला तुडुंब, पाण्याला भिंत चढायची गरजच पडली नाही. सकाळपर्यंत आत-बाहेर एकच पातळी. (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायला पाहिजे होता हे आता कमेंटमध्ये सांगू नका, ऐकून झालंय.)

बोटीतनं बाहेर पडलो आणि मेव्हण्याकडं राहिलो. खरी मजा पाणी उतरल्यावर. अख्खी गल्ली मोकळी झाली आणि आमच्या अंगणात गुडघाभर पाणी तसंच, कारण चेंबर गाळानं बसलेला आणि चारी बाजूनं माझी वॉटरप्रूफ भिंत. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेली टाकी ती, आतलं बाहेर कशाला सोडेल? पंप मिळेना, सगळं शहर पंप शोधत होतं. शेवटी घण आणला आणि मी बांधलेली भिंत मीच फोडली, मेलेल्या उंदराच्या वासात, नाकाला टॉवेल बांधून, तीन तास. ते भगदाड मी बुजवलेलं नाही. आता त्यातनं मांजर ये-जा करतं.

2021 च्या जुलैमध्ये परत. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याला 43 फूट म्हणजे धोका पातळी, 2019 ला 55 च्या वर गेलं होतं, 2021 ला 56 च्या वर. या वेळी मी फळ्या काढल्यापण नाहीत, सामान माळ्यावर टाकून सरळ बाहेर पडलो.

आता समुद्र. माझ्या मेव्हण्यानं पण तुमच्यासारखाच प्लॉट बघितला होता, म्हणून मला हे सगळं डोळ्यासमोर दिसतंय. डिसेंबरात गगनबावड्यावरनं खाली उतरलो, एजंटनं नेऊन उभं केलं, पुढं क्रिकेट खेळता येईल एवढी रुंद वाळू, मेव्हणा खूश. मी म्हटलं आषाढात येऊन बघू. कारण तिथला बीच पावसाळ्यात अंग चोरतो, लाटा वाळू आत ओढून नेतात आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतात, एजंट लोक ग्राहक कधी आणतात तेवढं बघा. त्याच प्लॉटच्या उत्तरेला काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा होता. जिथं तो बंधारा संपतो तिथनं पुढं जमीन अशी कापलेली की माडाची मुळं हवेत लोंबकळतायत. तिथं जाळं विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "ही चौथी रांग. पयल्यो तीन दर्यात गेल्यो." मला काकूंची तुळस आठवली.

त्याचं कारण साधं आहे. लाट वाळूच्या उतारावर चढते, दमते, परत जाते. तिथं उभं काहीतरी केलं की ती आपटते आणि परत जाताना पायातली वाळू घेऊन जाते, आधी तुमच्या पुढचा बीच जातो, मग पाया उघडा पडतो, मग दगड खचतात, मग नवीन टेंडर. आणि वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनं सरकत असते, तुम्ही तुमच्या मागची वाळू भिंतीनं कोंडली की पुढच्याला मिळायची ती मिळत नाही आणि त्याचं कातरलं जातं, मग तो बांधतो, मग त्याच्या पुढचा. देशाच्या किनाऱ्याची 1990 ते 2018 ची मोजणी आहे, त्यात साधारण एक तृतीयांश किनारा झिजणारा निघालाय.

पातळीचं म्हणाल तर आकडा ऐकून मेव्हणा हसला होता. 1901 ते 2018 मध्ये जगभरात सरासरी 20 सेंटिमीटर, आणि अलीकडं वर्षाला 3.7 मिलिमीटर. तो म्हणाला, "दाजी, मिलिमीटरला काय घाबरायलाय?" पण वेग बघा ना, गेल्या शतकाच्या पहिल्या सत्तरेक वर्षांत हाच आकडा 1.3 होता. 2050 पर्यंत वीतभर धरा, शतकाच्या शेवटाला धूर वाढवतच राहिलो तर पाऊण ते एक मीटर. आणि वीतभर ही उभी, आडवी नाही. सपाट वाळूच्या किनाऱ्यावर उभ्याच्या पन्नास ते शंभर पट आडवं मागं सरकावं लागतं असा एक जुना ठोकताळा आहे, तो सगळीकडं लागू पडत नाही पण वीतभराचे दहा-वीस मीटर म्हणजे तुमच्या 5 गुंठ्यातलं किती ते तुम्हीच काढा. शिवाय पाणी एकटं येत नाही, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, त्यात एखादं वादळ. 2019 चं क्यार तर किनाऱ्याला धडकलंपण नव्हतं, लांबनंच गेलं, तरी देवबागात पाणी शिरलं. देवबाग नकाशावर बघा एकदा, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. त्याच्या पुढच्या वर्षी निसर्ग रायगडात, 2021 च्या मे मध्ये तौक्ते सिंधुदुर्गासमोरनं.

आणि मेव्हण्याचं ठरलेलं उत्तर, "दाजी, तुमची भिंत पाच फुटाची होती म्हणून. मी बारा फुटाची घालतो की." इथंच आमचं सहा वर्षं भांडण चाललंय. अरे बाबा, माझ्या भिंतीवरनं एक थेंब आला नव्हता! पाणी खालनं आलं. तिथं पण खालनंच येणार, खाली सगळी वाळू, वाळूला कसलं आलंय वॉटरप्रूफिंग. समुद्र भिंत ओलांडायच्या आधी विहिरीत पोचतो. माड पिवळे पडतात, बोअर खारं होतं, मग टँकर. बारा फुटी भिंतीच्या मागं बसून टँकरची वाट बघायची.

त्याचं दुसरं हत्यार म्हणजे हॉलंड. हॉलंड समुद्राच्या खाली राहतंय की, भिंती बांधूनच. हो, 1953 च्या पुरानंतर त्यांनी प्रचंड बांधलं, पण त्यासाठी अख्खा देश पिढ्यान् पिढ्या पैसे घालतो, एकटा मेव्हणा नाही. आणि त्याच हॉलंडनं नंतर नद्यांचे बांध ठिकठिकाणी मागं घेऊन नदीला जागा परत दिली, आणि 2011 ला हेगजवळ दोन कोटी घनमीटरच्या वर वाळू एका ठिकाणी ओतून ठेवली, की लाटांनीच ती किनाऱ्यावर पसरावी. भिंतीत ज्यांचा हात कुणी धरणार नाही ते वाळू ओततायत आणि आम्ही काळा दगड ओततोय.

नियमाचं बघाच. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावर काय बांधता येतं ते ठरवणाऱ्या केंद्राच्या, 2019 च्या नियमानं गावाकडच्या कमी वस्तीच्या किनाऱ्याला भरतीरेषेपासनं 200 मीटर नवीन घर बांधता येत नाही, दाट वस्तीच्या गावांना तेच 50 मीटर (तेपण किनारा आराखडा मंजूर असेल तर), खाडीचं माप वेगळं. म्हणजे "समुद्राला लागून 5 गुंठे" यात बांधकाम बसतंय का हेच आधी तपासा, एजंटचा "होतंय हो सगळं" हा काय परवाना नाही. आणि बीचवर स्वतःच्या खर्चानं भिंत घालायची तर तीपण आपल्या मनानं घालता येत नाही.

याशिवाय एक हॅझार्ड लाइन काढलेली आहे, सर्व्हे ऑफ इंडियानं, त्यात पातळीवाढ आणि किनारा कसा सरकतोय ते धरलंय. पण नियमात ती बंधनकारक नाही, आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरती. हे वाचून मला तर हसूच आलं, आमच्या नदीला पण निळी आणि लाल रेषा आहे, 25 वर्षांतनं एकदाच्या पुराची निळी, शंभर वर्षांतनं एकदाच्या पुराची लाल, आणि त्या रेषांच्या आत भराव टाकून उभ्या राहिलेल्या बिल्डिंगा कोल्हापुरात कुणालाही विचारा, बोट करून दाखवतील. शंभर वर्षांतनं एकदा म्हटलं की लोकांना वाटतं शंभर वर्षं सुट्टी. माझं स्पष्ट मत, ती रेषा सातबाऱ्यावर इतर हक्कात चढवा. घेणाऱ्याला दिसू दे, बँकेला दिसू दे. एक कर्ज नाकारलं गेलं की जे होईल ते दहा बंधाऱ्यांनी होणार नाही. कांदळवन, केवडा, मर्यादवेल वगैरे आहे तिथं हात लावू नका, एजंट पहिला जेसीबी त्या वेलीवरच घालतो, "साफ" दिसावं म्हणून. वाळू धरून ठेवणारी तीच एक फुकटची गोष्ट.

आता मी लई भिंतविरोधी बोललो. पण जी गावं पिढ्यान् पिढ्या तिथं आहेत, रापण ओढणारी माणसं, त्यांना मी हे ऐकवणार नाही. त्यांना आज बंधारा पाहिजे तर द्यावाच लागेल, मुंबईसारखं शहर तर कुठं उचलून नेणार. आणि माणसं वर हलवणं बोलायला सोपं. आमच्याकडं पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना वर सोनतळीला प्लॉट दिले, पण शेती नदीकाठाला, जनावरं तिथं, मग पुरात सोनतळी आणि एरवी गाव, दोन-दोन घरं सांभाळतात लोकं. कोळ्याला समुद्रापासनं पाच किलोमीटरवर घर दिलं तर होडी काय जिन्याखाली लावणार? तुम्ही मात्र शनिवार-रविवारसाठी घेताय, तुम्हाला निवड आहे. आणि कातळावरचा, वरच्या सड्यावरचा प्लॉट असेल तर यातलं बरंच लागू नाही, समुद्र दिसतो तिथनंही, चालत दहा मिनिटं. मेव्हण्याला मी तेच सांगितलं, तो म्हणाला त्यात मजा नाही. त्यानं इसार देऊन ठेवलाय आणि भिंतीचं ड्रॉइंग माझ्याकडनंच पाहिजे म्हणतोय, मी दिलेलं नाही.

तुमचा प्रश्न किती फुटांची हा होता, ते राहिलंच. त्याच्याआधी एकदा मे महिन्यात जाऊन शेजारच्या विहिरीचं पाणी चाखून या आणि एकदा आषाढातल्या अमावास्येला भरतीची वेळ बघून त्या जागेवर उभे राहा, छत्री नको, रेनकोट घ्या. त्यानंतरही घ्यावासा वाटला तर विचारा, काढून देतो फूट. माझी बायको पाचगावचे आजचे दर सांगेल, तेपण विचारून घ्या.